बघ्याची भूमिका

परवाचीच गोष्ट. नाटकाचा दुपारचा प्रयोग पाहून मी घरी निघालो होतो. नाक्यावर एका म्हाताऱ्या भाजीवाल्याच्या हातगाडीला मोटारसायकलची धडक बसली. वांगी, टोमॅटो रस्ताभर पसरले. म्हातारा गुडघा धरून कडेला बसला. मोटारसायकलवाला केव्हाच पसार! पाहता पाहता तीस-चाळीस माणसे जमली. निम्म्यांनी मोबाइल वर धरले. उरलेल्या निम्म्यांत मी होतो. तासाभरापूर्वी टाळ्या पिटणारे माझे दोन्ही हात त्या वेळी खिशात होते.

अखेर शिकवणीहून परतणाऱ्या एका मुलीने दप्तर खाली ठेवले आणि ती वांगी वेचू लागली. मग आम्ही सारे वाकलो.

घरी आल्यावर एक शब्दप्रयोग मनातून जाईना. काही न करता उभ्या राहिलेल्या माणसाने 'बघ्याची भूमिका घेतली', असे आपण म्हणतो. मराठी भाषा मोठी खट्याळ! नुसते पाहत राहणे हीसुद्धा एक भूमिकाच, हे तिने केव्हाच ओळखले आहे.

आपला प्रेक्षक मुळात मुका नव्हे. कीर्तनात बुवांनी खूण करताच सारा मंडप विठ्ठलाचा गजर करतो. संगीत नाटकात 'वन्समोअर'ची आरोळी उठली की नटाला तेच पद पुन्हा म्हणावे लागे. अंधारात मुकाट बसण्याची शिस्त चांगलीच. पण ती नाट्यगृहाबाहेरही अंगात भिनली, तर?

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) रंगमंचावर माणसांचाच पडदा असतो. ही रांग गाते, डोलते, सोयीनुसार पाठ फिरवते. घाशीराम पोटची पोर नानांच्या हवाली करतो, तरी रांग डोलतेच आहे. शेवटी जमाव घाशीरामचा बळी घेतो आणि नाना मात्र सुखरूप! हे पाहताना मला नेहमी वाटते, की त्या रांगेचे दुसरे टोक थेट आपल्या खुर्चीपर्यंत आलेले आहे.

इटलीतील नेपल्स शहरी १९७४ साली मारिना अब्रामोविच या कलावतीने तर प्रेक्षकांची परीक्षाच घेतली. टेबलावर ७२ वस्तू मांडल्या होत्या. त्यांत गुलाब, पीस, मध होते, तशीच कात्री, पाती, पिस्तूल आणि एक गोळीही होती. सहा तास ती निश्चल उभी राहिली. वस्तू माझ्यावर हव्या तशा वापरा, जबाबदारी माझी, असे तिने लिहून ठेवले होते. सुरुवातीला कोणी फूल दिले. मग कपडे कापले गेले, कातडीवर पाते फिरले, पिस्तूलही रोखले गेले. तेव्हा कुठे काहींनी मध्ये पडून ते काढून घेतले. वेळ संपताच ती चालू लागली, तशी मंडळी पळाली, असे तिनेच पुढे सांगितले आहे. पाते चालवणारे थोडे असतील. पण बाकीच्यांच्या पाहण्याखेरीज त्यांना एवढे धैर्य आले असते का?

ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी यावर साधा तोडगा काढला. अन्यायाचा प्रसंग एकदा करून दाखवायचा, मग पुन्हा सुरू करायचा. कोणत्याही प्रेक्षकाने 'थांबा' म्हणावे, रंगमंचावर यावे आणि आपण काय केले असते, ते करून दाखवावे. आपल्या नाक्यावर त्या मुलीने न बोलता हेच केले.

काल त्याच गाडीवर वांगी घेतली. म्हाताऱ्याने मला ओळखले नाही. मला हायसे वाटले. आणि मग त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली.