व्याजाचें गणित

ज्यास इंजिनियर अथवा गणिताचा प्रोफेसर व्हावयाचें नाहीं त्यानें कॉलेजांत श्रेढी, घातांक व लॉगॅरिथम ह्यांत डोकें कां शिणवावें, असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थी करितात. त्याचें उत्तर आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासांतच सांपडतें.

समजा, वैरागच्या एका शेतकऱ्यानें दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें शंभर रुपये काढिले. वर्षाचें व्याज २४ रुपये झालें. सरळव्याजानें देणें वर्षअखेर १२४, मग १४८, मग १७२ होतें. दर वर्षीं तेवढीच भर पडते, म्हणून ही गणितश्रेढी होय. पण व्याज दर वर्षीं मुद्दलांत मिळविलें, तर मागील रकमेस प्रत्येक वेळीं १.२४ नें गुणावें लागतें: १२४, १५३.७६, १९०.६६. ही भूमितिश्रेढी होय. तीन वर्षांत दोहोंतील अंतर थोडें दिसतें. परंतु दहा वर्षांनीं पहिलींत ३४० रुपये, तर दुसरींत सुमारें ८५९ रुपये होतात!

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, असा त्याचा अर्थ. म्हणजे शंभरांचे फार तर दोनशें. मग कुळें बुडालीं कशीं? इ. स. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आंत दावा लावणें भाग झालें. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा होता. परंतु सावकार मुदत संपण्यापूर्वीं नवा रोखा लिहून घेऊं लागले, व थकलेलें व्याज नव्या रोख्यांत मुद्दल म्हणून चढूं लागलें. वरील शंभर रुपयांचे तीन वर्षांनीं १७२, सहा वर्षांनीं २९५.८४, नऊ वर्षांनीं ५०८.८४ व बारा वर्षांनीं ८७५ झाले. प्रत्येक रोखा निराळा पाहिला तर दामदुपट कोठेंच मोडली नाहीं. मोडला तो कुणबी! दर तीन वर्षांनीं १.७२ नें गुणाकार होत आहे, हें अंगठा उठविणारास कोण सांगणार?

कापसाचे भाव उतरल्यावर हा भार असह्य झाला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला आणि तो अहमदनगर जिल्ह्यांतही पसरला. लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या दप्तरांवर होता. रोखे हिसकावून जाळण्यांत आले. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमिलें, व १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा होऊन तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागूं झाला. त्यायोगें कोर्टास रोख्याच्या मागें जाऊन व्यवहार मुळापासून तपासतां येऊं लागला, मुद्दल व व्याज ह्यांचे हिशेब वेगळे मांडावे असें ठरलें, आणि मुद्दलांत घातलेलें व्याज सामान्यतः मुद्दल धरूं नये असा दंडक झाला. म्हणजे भूमितिश्रेढी मोडून पुन्हां गणितश्रेढी करावी, हेंच ह्या कायद्याचें मर्म होय.

लॉगॅरिथमचा उपयोगही येथेंच कळतो. शेंकडा २४ चक्रवाढीनें रक्कम दुप्पट केव्हां होईल? दोनाचा लॉग ०.३०१०, १.२४ चा लॉग ०.०९३४. भागाकार ३.२२ येतो, म्हणजे जवळजवळ सव्वातीन वर्षें. कोष्टक जवळ नसल्यास ७२ ला वार्षिक दरानें भागावें: शेंकडा ६ दरानें १२ वर्षें, शेंकडा ८ दरानें ९ वर्षें. दर लहान असतां हा आडाखा फारच जवळ येतो. आणि हाच गुणाकार शिलकेच्या बाजूस असला तर तो आपल्या घरचा चाकर होतो, हेंही विसरूं नये.

ह्यास्तव विद्यार्थ्यांनीं ही श्रेढी केवळ परीक्षेपुरती शिकूं नये. घरीं कर्जाचा कागद आला म्हणजे वडिलांजवळ बसून दोनच प्रश्न विचारावे: दर महिन्याचा कीं वर्षाचा? आणि व्याज मुद्दलांत केव्हां मिळतें? सही त्यानंतर करावी.