चिखलांत राहिलेली जुनी पीकपाहणी

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यास प्रिन्सेस डॉक ही गोदी १८८० सालीं खुली झाली. तिचें खोदकाम चाललें असतां चिखलाखालीं एक सबंध रान गाडलेलें आढळलें. मोजदाद केली तेव्हां झाडें ३८२ भरलीं, आणि त्यांपैकीं २२३ झाडें मुळें रोवून जागच्या जागीं उभीं होतीं. लांकूड खैराचें ठरलें. खैर हें डोंगरउताराचें व कोरड्या माळाचें झाड. भरतीच्या खाऱ्या पाण्यांत तें जगत नाहीं, हें कोंकणांतील शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणजे जेथें पुढें आगबोटी नांगरूं लागल्या, तेथें एके काळीं कोरडी जमीन होती व तिजवर रान होतें. जमीन खचली किंवा समुद्र चढला, असे दोन्ही अर्थ विद्वानांनीं लावले. तो वाद आम्हांस येथें सोडवावयाचा नाहीं. खोडें टिकलीं म्हणून खैर कळला. पण खैराभोंवतीं गवत किती होतें, खाडी जवळ केव्हां आली, तिच्या कांठीं कोणतीं झाडें वाढलीं, हें खोडें सांगत नाहींत. तें चिखलास विचारावें लागतें, आणि चिखल कसें उत्तर देतो हें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मक्याचा तुरा हालविला असतां जी पिवळी धूळ उडते ती परागाची, हें आपण सर्व जाणतों. बहुतेक वनस्पतींचे परागकण इतके बारीक कीं, एका मिलिमीटरांत ते दहापासून शंभरपर्यंत ओळीनें मांडतां येतील; मक्याचा कण त्यांत मोठ्यांपैकीं होय. प्रत्येक कणास बाहेरून कवच असतें. तें फार चिवट. तीव्र अम्लांतहि तें टिकतें, आणि हवा लागली नाहीं तर हजारों वर्षें कुजत नाहीं. शिवाय प्रत्येक जातीच्या कवचाची घडण निराळी. गवताचा कण वाटोळा व एकाच छिद्राचा, जास्वंदीचा कांटेरी, आणि हिमालयांतील चीडाच्या कणास हवेच्या दोन पिशव्या असतात. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरल्यास जाणता मनुष्य कणावरून कूळ ओळखतो, कित्येकदां जातहि ओळखतो.

झाड जितका पराग उधळतें, त्यांतला अगदीं थोडा कामीं येतो. बाकीचा वाऱ्यानें जाऊन जमिनीवर व पाण्यावर पडतो. संथ तळ्यांत पडलेला कण गाळाबरोबर तळाशीं बसतो, आणि पुढच्या सालचा गाळ त्याजवर चढतो. आमची उमेद महसुलाच्या दप्तरांत गेली, त्यामुळें आम्हांस अशा थरांकडे पाहून सातबाऱ्याची आठवण होते. तलाठी दरसाल पीकपाहणी करून नोंद घालीत असे. तळेंहि नोंद घालतें, आणि तें तर कोणाच्या ओटीवर बसून लिहीत नाहीं.

ही विद्या प्रथम थंड उत्तर देशांत वाढली. स्वीडन, नॉर्वे वगैरे मुलूख हिमयुगांत बर्फाच्या जाड थराखालीं होता. सुमारें ११,७०० वर्षांपूर्वीं तें युग संपलें. बर्फ हटत गेला तसतशी उघडी पडलेली जमीन वनस्पतींनीं क्रमाक्रमानें व्यापली. आधीं गवत व खुरटीं झुडपें, मग भूर्ज, मग चीडाचे भाऊबंद, त्यांच्या मागून ओक वगैरे पानझडीचीं झाडें. तेथें दलदली पुष्कळ. त्यांत शेवाळ मरून थरावर थर साचतो, आणि थंड, आंबट, हवा न शिरणाऱ्या त्या पाण्यांत कांहीं कुजत नाहीं. झाडांच्या जाती थोड्या, त्याहि बहुतेक वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या. म्हणून हिशेब सोपा. लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञानें १९१६ सालीं क्रिस्तियानिया येथें, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरांत, हा हिशेब विद्वानांपुढें मांडला. प्रत्येक थरांतील कण मोजून शेंकडा किती भूर्ज, किती चीड हें त्यानें आलेखावर काढलें. अशाच थरांतून एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. झाडें येऊं लागल्यावर मध्येंच सुमारें १,२०० वर्षें थंडी परत आली, झाडांचे कण घटले, आणि ड्रायस नांवाच्या लहानशा बर्फाळ मुलखांतील फुलाच्या खुणा पुन्हां दिसूं लागल्या. त्या काळास विद्वान त्या फुलाच्याच नांवानें ओळखतात.

काम कष्टाचें आहे. पोकळ नळी तळांत खुपसून गाळाचा अखंड दांडा वर काढितात. ठराविक अंतरावर त्याचे लहान तुकडे घेऊन क्षार व अम्लें यांनीं माती, वाळू व कुजकें द्रव्य घालवितात. शेवटीं कवचेंच उरतात. मग प्रत्येक तुकड्यांतील शेंकडों कण एक एक करून मोजावयाचे. थराचें वय कोळशांतील किरणोत्सर्गी अंशावरून ठरवितात. ही युक्ति १९४९ च्या सुमारास अमेरिकेंत लिबी यानें सिद्ध केली.

परंतु चिखलाची नोंद डोळे मिटून खरी धरूं नये. कोण किती लिहितो हें आधीं ठाऊक पाहिजे. चीडाचा पराग वाऱ्यानें शेंकडों मैल जातो. उत्तरेकडे जेथें एकहि झाड नाहीं तेथील गाळांतहि तो सांपडतो. उलट आमचा खैर. त्याचें परागवहन कीटक करितात, आणि त्याचे कण सुटे नसून सामान्यतः सोळा-सोळांचे जड गट्टे असतात. ते दूर उडत नाहींत. म्हणून गोदींतील ३८२ खोडें दिसलीं नसतीं, तर नुसत्या कणांवरून तेथें खैराचें रान होतें असें कोणी ठामपणें म्हटलें नसतें. खाडीकांठचा कांदळ मात्र विपुल पराग सोडतो. तिवराचा त्या मानानें थोडा. तेव्हां अशा गाळांत कांदळाचा कण जेथें वाढूं लागतो, तो थर म्हणजे खारें पाणी जवळ आल्याची नोंद समजावयाची.

शेतकऱ्यास साहजिकच वाटेल कीं, भाताचा, ज्वारीचा इतिहास यांत निघेल काय? निघतो, पण जपून. सर्व गवतांचे कण दिसावयास सारखे, आणि आपलीं धान्यें गवतेंच. धान्याचा कण बहुधा मोठा असतो, पण कांहीं रानगवतांचाहि मोठा असतो. गुरदीप सिंग यांनीं १९७१ च्या सुमारास राजस्थानांतील सांभर वगैरे खाऱ्या सरोवरांचा गाळ तपासला. त्यांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या थरापासून धान्यासारखे मोठे कण व कोळशाची बारीक कणी एकत्र आढळली. मनुष्यांनीं झुडपें जाळून पेरणी केली असावी, असें अनुमान त्यांनीं केलें. आमच्याकडील राब भाजण्याची चाल पाहिलेल्यास हें पटण्यासारखें वाटतें. तथापि कण रानगवताचा असेल हा आक्षेप विद्वानांनीं घेतलाच, आणि तो रास्त आहे.

आपल्या मुलखाच्या जवळचे दोन दाखले अधिक भरंवशाचे आहेत. कारवारच्या समुद्रांतील गाळांत सुमारें ३,५०० वर्षांपूर्वींपासून सदाहरित झाडांचे व खाडीकांठच्या झाडांचे कण कमी होत गेलेले दिसतात. पाऊस घटल्याची ती खूण मानितात. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या गाळांत विशिष्ट क्षाराचे स्फटिक सांपडले; पाणी फार आटल्यावांचून ते होत नाहींत. त्यांवरून ४,६०० ते ३,९०० व २,००० ते ६०० वर्षांपूर्वींच्या अशा दोन दीर्घ अवर्षणाच्या काळांचा माग लागला आहे. एखादा दुष्काळ पडला कीं ‘असें कधीं झालें नव्हतें’ असें आपण म्हणतों. आपली आठवण आजोबांपर्यंत, फार तर सरकारी दप्तरापर्यंत. लोणारचें दप्तर त्याहून फार जुनें आहे.

मात्र सर्वच माती दप्तर राखीत नाहीं. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, वरची माती भेगांतून खालीं पडते, पावसाळ्यांत फुगून सर्व एकजीव होतें. पिकास तें चांगलें, पण नोंदीचीं पानें उलटसुलट होतात. शिवाय हवा लागल्यानें कणहि नासतात. बारमाही पाण्याचीं जुनीं तळीं, दलदली व खाड्यांचा चिखल, एवढेंच आपल्याकडे उपयोगी.

मुंबईंत चिंचपोकळी, चिंचबंदर, फणसवाडी, केळेवाडी हीं नांवें झाडांची आठवण अजून सांगतात. पण नांव फार तर कांहीं शतकांचें साक्षीदार. त्यापलीकडील साक्ष चिखलांत, आणि तो चिखल तर भरावाखालीं गेला किंवा पायांच्या खोदकामांत उपसला गेला. अलीकडे गिरगांव व दादर येथें भुयारी रेल्वेसाठींहि खोल खोदकाम झालें. शिवडीस अद्याप तिवरें उभीं आहेत, तेथील चिखल तरी शाबूत राहावा.

गांवोगांवीं तळ्यांचा गाळ काढून शेतांत पसरण्याचें काम चालतें. तें जरूर करावें. गाळासारखें खत नाहीं. परंतु एखादें जुनें, कधीं न आटणारें तळें प्रथमच उपसलें जात असेल, तर सर्व गाळ एकदम न हालवितां एका बाजूस हात-दीड हात रुंदीचा उभा कडा तसाच राखावा. त्याच्या वरच्या टोंकापासून तळापर्यंत ओळीनें ढेपा कापाव्या, प्रत्येकीवर वरची बाजू व खोली लिहावी, आणि वाळूं न देतां ओल्या फडक्यांत व वर मेणकापडांत गुंडाळून सावलींत ठेवाव्या. पुण्याची आघारकर संशोधन संस्था व लखनौची बिरबल साहनी संस्था या दोहोंत या विषयाचे जाणकार आहेत. ढेपा पाठविण्यापूर्वीं पत्र घालून तळ्याचें ठिकाण, गाळाची खोली व पाणी उन्हाळ्यांत किती राहतें, एवढें कळवावें.