यात्रेच्या गाडीची बॅटरी : निवड, निगा आणि निरोप

पुणे–सोलापूर महामार्गावरील इंदापूर हे जुने बाजारपेठेचे गाव. वर्षभर पेढीवर बसणारी येथील कुटुंबे सुटीच्या दिवसांत यात्रेला निघतात. जवळचे दहिगाव, मराठवाड्यातील कुंथलगिरी, दूरचे श्रवणबेळगोळ किंवा पालिताणा. घरातील वडीलधारी मंडळी आणि लहान मुले बरोबर असली की मुक्कामाची चिंता आधी सुरू होते. म्हणून मोठ्या गाडीतच झोपण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय करून घेण्याकडे काही कुटुंबांचा कल होऊ लागला आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणून अशा फिरत्या घरांना मान्यता दिली. या फिरत्या घराचा प्राण म्हणजे आतील दिवे, पंखे व पाण्याचा पंप चालविणारी बॅटरी. ती दोन-चार वर्षांत बदलावी लागते, आणि बहुतेकांचा गोंधळ तेथेच होतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवरच रात्रभर दिवे-पंखे चालविणे. आषाढात तुकोबारायांची पालखी इंदापुरात मुक्कामाला येते, तेव्हा दिंड्यांबरोबर शेकडो ट्रक-टेम्पो असतात. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर दिवा जाळला तर पहाटे गाडीला धक्का मारावा लागतो, हे त्यांच्या चालकांना कोणी शिकवावे लागत नाही. इंजिनच्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. काही क्षणांत मोठा प्रवाह देणे हे तिचे काम. ती वारंवार रिकामी केली तर थोड्याच दिवसांत निकामी होते. घरकामाच्या बॅटरीच्या पट्ट्या जाड असतात; ती तासन्‌तास थोडी थोडी वीज देते. म्हणून गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या हव्यात, आणि एकीचा भार दुसरीवर पडू नये यासाठी मध्ये रिले किंवा योग्य चार्जर हवा.

बॅटरी किती मोठी घ्यावी, हे दुकानदाराला विचारण्यापूर्वी कागदावर मांडावे. पाच वॅटचे चार दिवे पाच तास चालले तर १०० वॅट-तास. वीस वॅटचे दोन पंखे आठ तास, म्हणजे ३२०. साठ वॅटचा पाण्याचा पंप अर्धा तास, ३०. चार भ्रमणध्वनींचे चार्जिंग सुमारे ६०. आजोबांचे इन्सुलिन ठेवण्याच्या शीतपेटीला सरासरी पंधरा वॅट धरले तर बारा तासांचे १८०. एकूण ६९० वॅट-तास. यास बारा व्होल्टने भागले की सुमारे ५८ अँपिअर-तास येतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या कुटुंबाला रात्री स्वयंपाकघराचा भार नसतो, ही सोय हिशेबात धरावी. मात्र मिक्सर वा विजेची शेगडी या बॅटरीवर चालविण्याचा मोह टाळावा. १,५०० वॅटच्या शेगडीला सव्वाशे अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो.

आता निवड. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. म्हणजे ५८ अँपिअर-तासांसाठी किमान ११६ अँपिअर-तासांची बॅटरी लागते. थोडी शिल्लक धरून दीडशेची घेणे शहाणपणाचे. घरच्या इन्व्हर्टरला लागणारी ट्युब्युलर बॅटरी टिकाऊ व तुलनेने स्वस्त असते, पण तिचे वजन पन्नास किलोच्या पुढे जाते, तिच्यात पाणी घालावे लागते आणि खाचखळग्यांत आम्ल सांडण्याची भीती असते. धावत्या गाडीसाठी तीच घ्यायची असेल तर तिची पेटी बाहेरून उघडणारी व हवेशीर हवी. पूर्ण बंद प्रकारच्या शिसे-आम्ल बॅटरीत आम्ल सांडत नाही. किंमत मात्र वाढते.

लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी सर्वांत महाग. परंतु तिची ऐंशी टक्के वीज निर्धास्त वापरता येते, त्यामुळे याच कुटुंबाला शंभर अँपिअर-तासांची पुरते. तिचे वजन बारा किलोच्या आसपास असते आणि ती हजारो वेळा भरता येते. मात्र तिच्यात संरक्षक नियंत्रण यंत्रणा आहे ना, हे पाहावे आणि चार्जरही तिच्यासाठीचाच घ्यावा. जुना चार्जर तसाच जोडणे म्हणजे काटकसर नव्हे. वर्षातून आठ दिवस गाडी काढणाऱ्याने ट्युब्युलर किंवा बंद बॅटरी घ्यावी. महिन्यातून दोनदा प्रवास करणाऱ्यास लिथियम कालांतराने परवडते.

खरेदीच्या वेळी उत्पादनाचा महिना पाहावा. कपाटात महिनोन्‌महिने पडलेली बॅटरी नवी दिसली तरी आतून खालावलेली असते. दोन बॅटऱ्या जोडायच्या असतील तर त्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या व एकाच वयाच्या घ्याव्यात. जुनीच्या जोडीला नवी लावली तर नवीचेही आयुष्य जुनीइतकेच होते.

निगेचे नियम थोडके आहेत. बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी भरून काही तास विश्रांती दिल्यावर मीटरवर सुमारे १२.६ ते १२.७ दिसावे, १२.१ च्या आसपास आकडा आला की ती निम्मी रिकामी झाली. गाडी उभी असतानाही महिन्यातून एकदा तरी ती पूर्ण भरावी, नाहीतर पट्ट्यांवर क्षार चढून क्षमता कायमची घटते. पाणी बॅटरीचेच, म्हणजे शुद्ध केलेले घालावे. नळाचे नको, आम्ल तर कधीच नको. पट्ट्या बुडालेल्या असाव्यात, पण नेमकी पातळी पूर्ण भरल्यानंतरच करावी. टोकांवरील पांढरी भुकटी सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून वर पेट्रोलियम जेली लावावी. काढताना आधी ऋण टोक सोडावे, बसविताना ते शेवटी जोडावे. भरताना हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ दिवा वा ठिणगी नसावी. हातमोजे व चष्मा घालावा.

इंदापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या आसपास जातो, हेही विसरू नये. पंचवीस अंशांवर ठरविलेले शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य, तापमान दहा अंशांनी वाढले की जवळपास निम्मे होते. गाडी सावलीत उभी करणे ही सर्वांत स्वस्त निगा होय. वर सौरपट्टी असेल तर शंभर वॅटची पट्टी स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे ४०० वॅट-तास देते. म्हणजे वरील हिशेबाला दोन पट्ट्या लागतात.

शेवटचा प्रश्न किमतीचा नाही, जबाबदारीचा आहे. जुन्या बॅटरीत कित्येक किलो शिसे असते. भंगारवाला अनेकदा दुकानदारापेक्षा थोडे अधिक पैसे देतो, कारण पुढे कुठल्या तरी वस्तीलगत ती फोडली जाते, आम्ल जमिनीत मुरते आणि शिसे उघड्यावर वितळविले जाते. त्या धुराचा व धुळीचा सर्वांत घातक परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नसल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याचे कर्तव्य विक्रेत्यांवर टाकले होते. २०२२ च्या नियमांनी ती गोळा करून पुनर्वापरासाठी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि ग्राहकानेही ती घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ठिकाणी द्यावी असे बंधन घातले.

पाणी गाळून पिणाऱ्या घरातील बॅटरीचे आम्ल दुसऱ्याच्या विहिरीत उतरू नये. नवी बॅटरी घेतानाच जुनी विक्रेत्याला परत द्यावी आणि पावतीवर तशी नोंद करून घ्यावी. भंगारवाल्याकडून मिळणाऱ्या चार पैशांवर पाणी सोडले, की यात्रेचा हिशेब खऱ्या अर्थाने पुरा होतो.