विजेच्या मोटारीतील वातानुकूलन यंत्राचा आवाज

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत बसलेल्या माणसाच्या कानांवर इंजिनाची घरघर सतत पडत असते व वातानुकूलन यंत्राचे लहानसहान आवाज तिच्यात लपून जातात. विजेच्या मोटारीत ही घरघर नाही. त्यामुळे सुस्थितीत असलेले यंत्रही गोंगाट करीत असल्याचा भास होतो आणि नवी मोटार घेतलेला गृहस्थ चिंतातुर होऊन गॅरेज गाठतो. त्याची चिंता कधी रास्त असते, कधी अनाठायी. यांतील भेद पुष्कळदा मोटार न उघडताही कळू शकतो.

पेट्रोलच्या मोटारीतील कॉम्प्रेसर सामान्यतः इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबले की तोही थांबतो. विजेच्या मोटारीत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते आणि बहुतेक गाड्यांत ती मुख्य बॅटरीच्या ३०० ते ४०० व्होल्ट विजेवर चालते. गरजेप्रमाणे तिचा वेग कमी-अधिक होतो व त्याबरोबर तिची गुणगुणही. शिवाय अनेक गाड्यांत हेच यंत्र बॅटरीलाही थंड ठेवते. मे महिन्याच्या उकाड्यात गाडी जलद चार्जिंगला लावली असता, आत कोणी बसलेले नसतानाही, पुढचा पंखा एकाएकी घोंघावू लागतो. पाहणारा दचकतो, यंत्र मात्र आपले काम चोख बजावीत असते. यंत्र बंद केल्यावर क्षणभर येणारा ‘सूं’ असा आवाजही नळ्यांतील गॅसचा दाब समान होत असल्याचा होय.

याहून निराळा आवाज आल्यास गाडी शांत जागी उभी करून एक साधी परीक्षा करावी. वारा सोडणारा ब्लोअर चालू ठेवून केवळ ए.सी.चे बटण बंद करावे. आवाज तसाच राहिला आणि ब्लोअरचा वेग वाढविताच तोही वाढला, तर दोष ब्लोअरकडे आहे. बटणाबरोबर आवाज थांबला, तर संशय कॉम्प्रेसरच्या बाजूस जातो. ही परीक्षा चार्जिंग संपताच करू नये, कारण त्या वेळी बॅटरीसाठी कॉम्प्रेसर चालू असू शकतो. तापमान बदलतानाच टकटक होत असेल, तर हवेची वाट बदलणाऱ्या झडपांचे लहान दाते झिजलेले असण्याचा संभव असतो.

ब्लोअरच्या तक्रारीचे कारण कित्येकदा अगदी क्षुल्लक निघते. गाडी आंब्याच्या किंवा बदामाच्या सावलीत उभी राहते, पुढील काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून पालापाचोळा आत शिरतो आणि एखादे वाळलेले पान पंख्याच्या पात्यांवर फडफडू लागते. पावसाळ्यात उंदीरही तेथे आसरा शोधतात. फिल्टर धुळीने कोंडला असेल, तर हवा ओढताना शिटीसारखा आवाज येतो व गारवा कमी होतो. हा फिल्टर बहुधा डावीकडील सामानाच्या कप्प्यामागे असतो. गाडीच्या पुस्तिकेत दाखविल्याप्रमाणे मालकाला तो स्वतः बदलता येतो. एवढ्या कामासाठी कॉम्प्रेसर बदलण्याचा मोठा खर्च कोणी सुचविला, तर आधी फिल्टर काढून पाहण्याचा आग्रह धरावा.

कॉम्प्रेसरच्या बाजूचा आवाज मात्र स्वतः हाताळण्याचा विषय नव्हे. गुणगुण पायांखाली जाणवू लागली, तर कॉम्प्रेसरखालील रबर झिजले असेल किंवा एखादी नळी सांगाड्याला टेकत असेल. हा दोष किरकोळ आहे. परंतु घासल्यासारखा आवाज येऊन गारवाही घटला, तर गॅस कमी झाल्याची शंका घ्यावी. कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेल गॅसबरोबरच फिरत असते, म्हणून गळती न शोधता नुसता गॅस भरीत राहिल्यास कॉम्प्रेसर आतून झिजतो.

या तेलाची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये सहसा पी.ए.जी. जातीचे तेल वापरतात. विजेच्या कॉम्प्रेसरमध्ये बहुतेक ठिकाणी पी.ओ.ई. जातीचे तेल लागते, कारण तेथे तेल थेट मोटरच्या तारांना भिडते व त्याने वीज रोखून धरणे आवश्यक असते. चुकीचे तेल मिसळले की हे विद्युतरोधन ढळते आणि मग गाडी दोष दाखवून चालू होण्याचेच नाकारू शकते. रस्त्याकाठचा मेकॅनिक कितीही कुशल असला, तरी त्याचा हात पेट्रोलच्या गाड्यांवर बसलेला असतो. नारिंगी आवरणाच्या तारांतील वीज प्राणघातक असते. मुख्य जोडणी तोडल्यावरही ती काही मिनिटे यंत्रात साठून राहते. रोधक हातमोजे व तपासणीचे मापक नसलेल्या कोणीही तेथे हात घालू नये.

कार्यशाळेत नुसते ‘आवाज येतो’ असे सांगून भागत नाही. तो कोणत्या वेगाला, चार्जिंग करताना की चालताना, गारवा असताना की नसताना येतो, हे टिपून न्यावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले असल्यास अधिक बरे. गॅस भरल्यावर विद्युतरोधन मोजून घ्यावे आणि वापरलेल्या तेलाची जात बिलावर लिहून घ्यावी. पुढे परगावी गॅस भरण्याची वेळ आली, तर तेथील कारागिराला प्रथम तोच कागद दाखवावा.