आई बोलत होती, पण…

येरमाळ्याजवळ माझ्या आईचं थोडं रान आहे. सोलापूर-धुळे महामार्गाचा पट्टा त्याच्या मधूनच गेला. मोबदला पटला नाही म्हणून आईने लवादाकडे अर्ज केला. १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात तशी सोय आहे. हा लवाद केंद्र सरकार नेमतं. २०२१ साली कोरोनामुळे सुनावणी मोबाइलवर होणार, अशी नोटीस आली. मला तर बरंच वाटलं. सत्तरीतल्या बाईला एसटीने उस्मानाबादला (आता धाराशिव) न्यायची दगदग वाचली!

घरात रेंज नाही, म्हणून ओट्यावर बसलो. आईने पदर सारखा केला आणि सुरू झाली, "सायेब, इहीर पल्याड ऱ्हायली, रान अल्याड. मधी ह्यो रस्ता. पाणी कसं न्यावं म्या?" दोन मिनिटं बोलली बिचारी. पलीकडून विचारणा झाली, "अर्जदारांना काही सांगायचं नाही ना?" आमचा माइक बंद होता!

मी घाईने माइक सुरू केला, हात वर केला. साहेबांनी पुन्हा ऐकून घेतलं. नसतं घेतलं तर रोजनाम्यात 'काही म्हणणे नाही' एवढंच उरलं असतं. रानाचे दोन तुकडे झाल्याने होणारं नुकसानही मोबदल्यात धरायचं, असं हाच कायदा सांगतो. पण विहीर कुठे राहिली हे आईशिवाय कोण सांगणार?

तेव्हापासून कुणी विचारलं तर सांगते, आदल्या दिवशी त्याच मोबाइलवर एकदा बोलून बघा. लाईटचा भरवसा नाही, चार्जिंग पुरं करून ठेवा. आवाज तुटला तर फोन कुणाला करायचा, तो नंबर आधीच मागून घ्या. सातबारा, मोजणीचा नकाशा, विहिरीचे फोटो यांवर पाननंबर घालून आधी पाठवा. ऐनवेळी कागद कॅमेऱ्यापुढे धरला तर काही दिसत नाही. समोरचा साक्षीदार कुणाकडे बघून उत्तरं देतोय अशी शंका आली, तर खोली दाखवायला सांगा, लाजू नका. आणि आपल्या बाईमाणसाच्या वतीने भाऊ-पुतण्यालाच बोलू देऊ नका. सातबाऱ्यावर नाव तिचं आहे.

निवाड्याची सही झालेली प्रत मिळाली की त्यावर तारीख लिहून ठेवा. कोर्टात जायचं तर तिथून तीनच महिने मिळतात. सबळ कारण दिलं तर फार तर आणखी तीस दिवस.

पुढच्या तारखेला आईने नाव सांगायच्याही आधी विचारलं, "आता येतंय का ऐकू?"