चिमुकल्या आगगाडीस खरेपणा कसा येतो ?

गतवर्षीं शाळेच्या प्रदर्शनासाठीं नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं पुठ्ठा, पत्रा व लांकूड यांचें एक वाफेचें एंजिन आणि त्यामागें चार वाघिणी अशी आगगाडी तयार केली. एका फुटास अर्धा इंच हें प्रमाण धरलें होतें. दोन महिने शाळा सुटल्यावर मुलें त्यांत गढून गेलेलीं असत. बॉयलर चकचकीत काळा, चाकांच्या कडा पांढऱ्याशुभ्र, वाघिणी लालभडक. प्रदर्शनास आठ दिवस उरले असतां माझे वडील तें काम पाहण्यास आले. त्यांनीं तरुणपणीं वाफेच्या एंजिनावर फायरमन म्हणून नोकरी केली आहे. चष्मा पुसून त्यांनीं पुष्कळ वेळ पाहिलें आणि ते म्हणाले, "काम सुबक आहे. पण हें एंजिन अजून एकदांहि कामावर गेलेलें दिसत नाहीं." मुलांचीं तोंडें उतरलीं. मलाहि वाईट वाटलें. परंतु त्यांचें म्हणणें खरें होतें. पुढील आठ दिवसांत आम्ही जें शिकलों तें येथें सांगतों.

पहिली गोष्ट प्रमाणाची, व ती मुलांनीं बरोबर साधली होती. आपल्या देशांतील रुंद मार्गाचे रूळ एकमेकांपासून साडेपांच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर, अंतरावर असतात. म्हणून मुलांनीं आपले रूळ पावणेतीन इंचांवर बसविले. बाजारांतून रूळ विकत आणणारास मात्र अडचण येते. फार प्रचारांत असलेलें 'एच्‌ ओ' नांवाचें प्रमाण १ : ८७ असून त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. युरोप-अमेरिकेंतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गास तें नीट जुळतें. आपला मार्ग त्या प्रमाणांत सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हावयास पाहिजे. त्यामुळें त्या रुळांवरील भारतीय एंजिन पाय जवळ घेऊन उभें राहिल्यासारखें दिसतें. फुटास तीन मिलिमीटर हें प्रमाण घेतलें तर साडेपांच त्रिक साडेसोळा असा हिशेब नेमका जमतो. मग एंजिन व डबे मात्र आपल्या हातानेंच करावे लागतात. इंग्रजांची गंमत याहून निराळी. त्यांचें 'डबल ओ' प्रमाण फुटास चार मिलिमीटर, आणि रूळ तेच साडेसोळाचे ! म्हणजे त्यांच्या गाड्या खऱ्यापेक्षां सात इंच अरुंद मार्गावरून धांवतात.

दुसरी गोष्ट रंगाची. येथें आम्ही फसलों होतों. आपण प्रतिकृति तीन फुटांवरून पाहतों, तेव्हां आमच्या प्रमाणानें खरें एंजिन बहात्तर फुटांवरून पाहत असतों. तितक्या अंतरावरून काळा रंग निव्वळ काळा दिसत नाहीं. उजेडामुळें व वर बसलेल्या धुळीमुळें तो करडा भासतो, आणि चकाकी बहुतेक मावळते. म्हणून काळ्यांत थोडा पांढरा रंग मिसळावा व वर चकाकी नसलेलें व्हार्निश द्यावें.

या कलेंत अमेरिकेंतील जॉन ॲलन (१९१३–१९७३) यांचें नांव आदरानें घेतलें जातें. ते व्यवसायानें छायाचित्रकार. कॅलिफोर्नियांत माँटरे येथील आपल्या घराच्या तळघरांत त्यांनीं एक डोंगराळ आगगाडी उभारली होती. इतरांच्या गाड्या खेळण्याप्रमाणें चकाकत असतां ॲलन यांनीं एंजिनें काजळलेलीं, वाघिणी गंजलेल्या व घरें मोडकळीस आलेलीं अशीं दाखविलीं. स्वभाव मोठा मिस्किल. त्यांच्या यार्डांत डबे ओढावयास एक स्टेगोसॉरस जुंपलेला असे! १९७३ च्या जानेवारींत ते वारले, आणि थोड्याच दिवसांत आग लागून ती बहुतेक सारी सृष्टि नष्ट झाली. छायाचित्रें राहिलीं. इंग्लंडांतील जॉन आहर्न यांची 'मॅडर व्हॅली' ही आगगाडी मात्र ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे.

ॲलन यांच्या कामाचीं छायाचित्रें पाहून माझा उत्साह अनावर झाला व माझ्या हातून एक मोठी चूक घडली. तपकिरी रंग पातळ करून मीं तो एंजिनावर सगळीकडे सारखा फांसला. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों एंजिन जुनें नव्हे, चिखलांत बुडवून काढल्यासारखें दिसूं लागलें; नंबरहि वाचतां येईना. मुलें कांहीं बोललीं नाहींत, तेंच मला अधिक लागलें. टर्पेंटाईनच्या बोळ्यानें तो रंग उतरविण्यांत दोन दिवस गेले. वडिलांना हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "घाण सगळीकडे सारखी बसत नाहीं. ती कोठून आली तें आधीं सांग, आणि मग लाव."

मग त्यांनीं एकेका जागीं बोट ठेवून सांगण्यास सुरुवात केली. काजळी वरून पडते, म्हणून ती छपरावर व बॉयलरच्या पाठीवर दाट, कुशीवर विरळ. पुढील धुराच्या पेटीचा रंग आंचेनें करपून राखी होतो. ब्रेकचे लोखंडी ठोकळे चाकांवर घांसून जो भुगा उडतो तो गंजून गाडीच्या खालच्या अंगास तांबूस थर बसतो. चाकांचा रुळावर टेकणारा भाग मात्र आरशासारखा स्वच्छ. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर तेल असतें, म्हणून तेथें चकाकी ठेवावी. आणि जेथें माणसाचा हात लागतो—चढावयाचा दांडा, दाराची कडी—तेथें घासून धातु उजळलेला असतो. "रात्रीं पावसांत चढतांना त्या दांड्याचाच आधार," असें म्हणून ते थोडा वेळ गप्प राहिले.

आपल्या देशांतील रुंद मार्गावरील वाफेचीं एंजिनें १९९५ सालीं नियमित सेवेंतून गेलीं. परंतु डिझेल एंजिनास व आजच्या वाघिणींसहि हाच नियम लागू पडतो. स्टेशनाच्या फलाटावरून (रुळांत उतरून नव्हे !) मालगाडी नीट न्याहाळा. डिझेलच्या छपरावर धूर सुटण्याच्या जागेभोंवतीं काजळी दिसेल. कोळशाची वाघीण आंतून काळवंडलेली, सिमेंटची सांध्यांपाशीं पांढुरकी. एका गाडींत शेजारच्या दोन वाघिणीहि सारख्या मळलेल्या नसतात. एखादीवर नंबर नुकताच नव्यानें लिहिलेला असतो व तेवढाच चौकोन स्वच्छ दिसतो. आमच्या चारहि वाघिणी एकाच डब्यांतील रंगानें रंगविलेल्या होत्या, म्हणून त्या खोट्या वाटत. दोघींचा लाल रंग आम्हीं करडा मिसळून उतरविला व एकीची एक फळी निराळ्या रंगाची केली.

साहित्य महाग नको. रंगीत खडू कांचकागदावर घासून पूड करावी व मऊ कुंचल्यानें लावावी. न आवडल्यास ओल्या फडक्यानें पुसतां येते. पातळ रंग देणें झाल्यास तो लावतांच फडकें वरून खालीं ओढावें, कारण पावसाचें पाणी खालींच वाहतें. हात मात्र लवकर आवरावा. आधीं एखाद्या टाकाऊ डब्यावर प्रयोग करून पाहणें उत्तम.

प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळीं वडील पुन्हा आले. पांढरा खडू घेऊन त्यांनीं बॉयलरवरील सुरक्षा-झडपेपासून खालीं एक बारीक ओघळ काढला. जड पाणी भरलें कीं त्यांतील क्षारांचा असा डाग पडत असे. मग ओल्या अंगठ्यानें नंबराची पाटी पुसून त्यांनीं मुलांना विचारलें, "कोळसा भरला कां ?" टेंडर रिकामेंच होतें ! एकानें लोणारी कोळसा आणला. तो त्यांनीं परत केला, कारण दगडी कोळशाची चमक त्यास नसते. तेव्हां दुसरा मुलगा लोहाराकडे धांवला व मूठभर दगडी कोळसा घेऊन आला. तो हातोडीनें फोडून, चहाच्या गाळणीनें चाळून आम्हीं टेंडरांत भरला. आणि फायरमनच्या पायांपाशीं दोन-तीन खडे सांडलेले राहूं दिले.