महायाजकाच्या खांद्यांवरील बारा नावे

धर्मगुरूचा भरजरी पेहराव पाहिला की, त्यात वैभवाचे प्रदर्शन असावे, असे सहज वाटून जाते. प्राचीन इस्रायलच्या महायाजकाची वस्त्रेही प्रथमदर्शनी तशीच भासतात. बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या २८व्या अध्यायात, मोशेचा भाऊ अहरोन याच्यासाठी तयार करावयाच्या या वस्त्रांचे बारकाईने वर्णन आले आहे. सोने, निळे, जांभळे व किरमिजी सूत आणि तलम लिनन हे त्यांचे साहित्य. अंगरखा, कमरपट्टा, चोळणा आणि शिरोवस्त्र ही चार वस्त्रे सर्वच याजकांना होती. महायाजकाला त्यांखेरीज एफोद हे खांदेपट्ट्यांचे वस्त्र, ऊरपट, निळा झगा आणि कपाळावरील सोन्याची पट्टी असे.

या वैभवाचा अर्थ मात्र त्यावर कोरलेल्या अक्षरांत आहे. एफोदाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक रत्न होते आणि प्रत्येकावर इस्रायलच्या सहा पुत्रांची नावे कोरलेली होती. वीतभर लांबी-रुंदीच्या चौकोनी ऊरपटावर चार ओळींत बारा रत्ने होती. तेथेही प्रत्येक रत्नावर एका वंशाचे नाव होते. महायाजक पवित्रस्थानात जाई तो एकटा नव्हे. खांद्यांवर आणि हृदयावर सारा समाज वागवीत जाई. झग्याच्या घेरावर सोन्याची घुंगरे आणि सुताची डाळिंबे आलटून पालटून लावलेली असत. आत जाताना व बाहेर येताना त्यांचा नाद व्हावा, एरवी मरण ओढवेल, असे हा अध्याय सांगतो. सर्वांत मानाच्या माणसालाही देवापुढे सलगीने जाण्याची मुभा नव्हती.

प्रायश्चित्ताच्या दिवशी तर हे सोने बाजूलाच ठेवले जाई. वर्षातून त्या एकाच दिवशी महायाजक परमपवित्र स्थानी प्रवेश करी आणि तोही साध्या लिननच्या वस्त्रांत. ज्या सोन्याचे वासरू घडवून लोकांनी पाप केले, ते सोने क्षमायाचनेच्या वेळी अंगावर नको, असे स्पष्टीकरण तालमूदमध्ये आढळते.

वस्त्रे व्यक्तीची नव्हेत, पदाची. म्हणूनच होर डोंगरावर अहरोनाचा अंतकाळ आला, तेव्हा मोशेने ती उतरवून त्याचा पुत्र एलाजार याच्या अंगावर घातली. पिता गेला, याजकपद राहिले.

ज्याच्या हाती ही वस्त्रे, त्याचा याजकपदावर वचक, हे पुढे राज्यकर्त्यांनीही ओळखले. यरुशलेममध्ये हेरोदाने आणि त्याच्यानंतर रोमी अधिकाऱ्यांनी महायाजकाची वस्त्रे अँटोनिया किल्ल्यात ठेवली होती. सणांपुरती ती बाहेर काढली जात व नंतर पुन्हा कुलूपबंद होत, असे इतिहासकार जोसेफसने नोंदवले आहे. इ.स. ३६च्या सुमारास सीरियाचा रोमी अधिकारी व्हितेलियस याने त्यांचा ताबा यहुदी याजकांना परत दिला.

इ.स. ७०मध्ये रोमी सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि ही उपासनाच थांबली. वस्त्रांची आठवण मात्र पुसली गेली नाही. युरोपीय परंपरेच्या अनेक सिनेगॉगमध्ये तोराच्या गुंडाळीला आजही झगा, छातीवर रुपेरी ढाल आणि वर घुंगरांची भूषणे चढवतात. त्या भूषणांना हिब्रू भाषेत ‘रिमोनिम’, म्हणजे डाळिंबे, असेच म्हणतात. याजकाचा पेहराव आता ग्रंथाच्या अंगावर आहे.